प्रीतीचे फाऊल

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ही डायरी बाबांच्या ऑफिसातली. दरवर्षी दोन येतात. एकीत आई लोणच्या-पापडांची प्रमाणं उतरवते, दुसरी पडून असते. जानेवारी ते ऑगस्ट कोरं गेलं, त्याला माझा इलाज नाही. लिहिण्यासारखं आजच घडलंय. अनंत सरांनी मला कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या पहिल्या पाचात घेतलं!

श्रेय बाबांना. ते लेखा विभागात आहेत. सर मला बारा-तेरा मिनिटंच खेळवतात म्हणून मी गेल्या महिन्यात घरी रडगाणं लावलं होतं. बाबा म्हणाले, "बेरीज दाखवू नको. दर काढ. बेरजेत जो जास्त वेळ मैदानावर, त्याचंच जास्त दिसते." मी दर काढला. दर चार मिनिटांना मी समोरच्या पोरीच्या हातातून एक चेंडू उडवते. रितिका अठ्ठावीस मिनिटं खेळून अख्ख्या सामन्यात एक. कागद सरांपुढे ठेवला. सरांनी शिट्टीच्या दोरीने कान खाजवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. बघू."

रितिका चांगली आहे, पण ती खेळते म्हणजे काय करते, तर समोरचीच्या पुढ्यात पाय रोवून उभी राहते. चेंडू नाकापुढे नाचत असला तरी हात घालत नाही. जागा गेली तरी तिने मनाला लावून घेतलं नाही. "मंग प्रीतीले सांगून ठेव," एवढंच म्हणाली.

प्रीतीला मी लगेच सांगितलं. प्रीती आमची सेंटर, पाच फूट अकरा इंच, रिंगखाली उभी राहिली की दार लावल्यासारखं वाटतं. कॉलेजात आल्यावर मला पहिल्यांदा हाक मारली ती तिनेच. बातमी ऐकून तिने माझ्या पाठीत एवढी थाप मारली की अजून चुरचुरतंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सरावाचा सामना जिंकलो. मी सहा चेंडू हिसकावले. सहा!

आमच्यात एक पद्धत आहे. सरांनी पहिल्या वर्षापासून अंगवळणी पाडलीय. रिंगखाली जी असेल तिने पुढच्या पोरीला ओरडून सांगायचं की मी आहे, तू एकटी नाहीस. बाकीच्या पोरी बारीक आवाजात काहीतरी पुटपुटतात. प्रीती मात्र अशी ओरडते की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघेल, "मी आहो मांगं!" ते ऐकलं की माझ्या अंगात वेगळंच बळ येतं. हात आपोआप चेंडूकडे जातो.

दरवेळी मिळत नाही, हे कबूल. आज चार-पाचदा बोटभर कमी पडला हात. समोरची बाजूने निसटली, मी वळून धावते तोवर मागे शिट्टी. प्रीतीचा फाऊल. असं चारदा झालं, आणि पाचव्याला पोरीला बाहेर बसावं लागतं. तिला झालंय तरी काय? गेल्या वर्षी सामन्याला दोन फाऊल म्हणजे तिचे खूप व्हायचे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

प्रीतीची काळजी वाटते. तिचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या संघात नाव आलं तर कलर मिळेल, तो ब्लेझर आणि ते प्रमाणपत्र, आणि त्यावर खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत अर्ज करता येईल. माझं काय, मला पुढचं वर्ष आहे. तिला नाही. स्पर्धेत निवड समितीची माणसं येऊन बसतात आणि ही दर सामन्यात बाकावर बसलेली दिसली तर कोण घेईल हिला?

सरावानंतर तिला कोपऱ्यावरच्या ठेल्यावर समोसा खायला नेलं आणि सरळ विषय काढला.

"तुझं घरी काही बिनसलंय का?"

"नाही वं. काहून?"

"मग फाऊल का होऊन राहिलेत एवढे?"

तिने समोसा तर्रीत बुडवला. बराच वेळ तो बुडवतच होती. मग म्हणाली, "तू खेळतानी कधी मांगं पाहते का?"

"मागे पाहिलं तर पुढची पळेल ना!"

ती हसली. "हाव, तेही खरंच हाय. जाऊ दे. खा."

मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. पाय आधी हलव, हात नंतर. रात्री मोबाईल बघू नको. आणि रागावर ताबा ठेव. तिने सगळं ऐकून घेतलं. रागाचं ऐकल्यावर मात्र ती माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली की वाटलं, दाताला काही चिकटलंय का माझ्या.

२४ सप्टेंबर, बुधवार

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा पहिला सामना. जिंकलो, पण जीव मुठीत धरून.

मी सात चेंडू हिसकावले. आमच्या गल्लीतल्या पेपरवाल्यापासून आत्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. पण तिसऱ्या क्वार्टरमध्येच प्रीतीला पाच फाऊल झाले. पाचवा तर अगदी वेडेपणाचा. मी झेप घेतली, चेंडू नखाला लागून गेला, ती पोर मोकळी सुटली आणि थेट रिंगकडे निघाली. प्रीतीने आपली पोरगी सोडून मध्ये यायची काही गरज होती? झाले असते दोन गुण, तर झाले असते. मी वळेपर्यंत दोघी आपटल्याचा आवाज आणि शिट्टी. टेबलावरच्या माणसाने पाच आकड्याची पाटी वर केली.

ती बाकावर बसली आणि टॉवेल डोक्यावर घेतला. तिच्या जागी मुग्धा आली. मुग्धा उंच आहे, पण तिला रिंगखाली उभं राहायची भीतीच वाटते. आमची अकरा गुणांची आघाडी वितळत वितळत दोनवर आली. शेवटची पाच मिनिटं मी काय खेळले मला आठवत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

उपउपांत्य सामना. पुन्हा तेच. पहिल्या चार मिनिटांत प्रीतीचे दोन फाऊल. सरांचा नियम आहे, पहिल्या अर्ध्यात दोन झाले की खाली बसायचं. बसली. दुसऱ्या अर्ध्यात आली आणि बघता बघता पाच. तीन गुणांनी जिंकलो. ती मैदानावर होती जेमतेम पंधरा मिनिटं.

घरी येऊन बाबांसमोर दर काढला. गेल्या वर्षी सोळा मिनिटांना एक फाऊल, आता तीन मिनिटांना एक. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "एवढा फरक उगाच नाही पडत. काय बदललं यंदा, ते पाह्य." मी म्हटलं, काहीच नाही बदललं. तेच कोर्ट, तेच सर, त्याच पोरी. बाबा म्हणाले, "मंग तीच बदलली असंन."

मलाही तेच वाटतं. झोप येत नाही. उपांत्य सामन्याला निवड समिती येणार. ही अशीच खेळली तर तिची संधी जाईल, आणि आम्हीही हरू. कोणीतरी काहीतरी करायला हवं.

२९ सप्टेंबर, सोमवार

केलं. सरांकडे गेले. कागद करून नेला होता, एका बाजूला माझा चेंडू हिसकावण्याचा दर, दुसऱ्या बाजूला प्रीतीच्या फाऊलचा. म्हटलं, सर, प्रीतीला पहिल्या पाचात ठेवू नका. पहिला क्वार्टर मुग्धाला खेळवा. प्रीती नंतर आली तर तिचे फाऊल शेवटासाठी वाचतील. समितीला ती शेवटी तरी मैदानावर दिसेल.

सरांनी विचारलं, "तिच्याशी बोललीस?"

"तिला वाईट वाटेल, सर. तुम्हीच सांगा."

सर कागदाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "फाऊल कसे होऊन राहिले तिचे, काय वाटते तुला?"

"ताबा नाही राहिला, सर."

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मला वाटतं पटलं त्यांना.

मैत्रिणीसाठी एवढं कोण करतं? तरी घरी येईपर्यंत छातीत काहीतरी टोचत होतं. भुकेनं असेल. जेवले, तरी गेलं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला. आज सरावाला आपट्याची पानं घेऊन गेले, सगळ्यांना दिली. प्रीतीने घेतली, "थँक्यू" म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. थँक्यू? प्रीती मला थँक्यू म्हणते? दोन दिवस ती आईसोबत दीक्षाभूमीवरच्या आरोग्य शिबिरात होती, रात्रंदिवस गर्दी, पायाचे तुकडे पडले असतील. थकवा असेल, दुसरं काय.

सरावात ती दुसऱ्या संघाकडून खेळली. तिथेही ओरडत होती, पण दुसऱ्यांसाठी.

६ ऑक्टोबर, सोमवार

संकटं एकटी येत नाहीत असं आई म्हणते ते बरोबर. सरावात चेंडूवर झेप घेतली आणि घोटा मुरगळला. सामना परवा!

प्रीतीनेच मला गाडीवर मागे बसवून धंतोलीत नेलं. तिची आई, कौसल्याकाकू, तिथल्या एका दवाखान्यात सिस्टर आहेत. ओपीडीत बाहेरगावच्या पेशंटांची ही गर्दी, कोणी डबे घेऊन बसलंय, कोणी चटई पसरून. काकूंनी डॉक्टरांना सांगून मधल्या वेळात दाखवून दिलं. हाड शाबूत आहे. परवाचा सामना मात्र बाद, शुक्रवारचा जमला तर जमला.

प्रीती गोळ्या आणायला गेली. काकू पट्टी बांधताना म्हणाल्या, "तुह्यं नाव गंज घेते ती घरी, दिवसभर. म्हणते, वैदेहीचे हात म्हणजे हात हायेत." मला जरा बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "पण तिच्या बरगडीवर, मांडीवर रोज नवीन निळं पाहून राहिली मी. मले खेळातलं समजत नाही. पण समोरच्या पोट्ट्या सरळ तिच्याच अंगावर कशा येतात वं? पुढं कोणी थांबवत नाही का त्याह्यले?"

मी म्हटलं, "काकू, तीच मध्ये जाते."

काकूंनी पट्टीची गाठ मारली. "हाव, तशीच हाय ती," म्हणाल्या, "लहानपणापासून."

परत येताना प्रीतीने मला घराजवळ उतरवलं आणि म्हणाली, "बर्फ लाव." एवढंच.

८ ऑक्टोबर, बुधवार

उपांत्य सामना. आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिणार आहे.

मी बाकावर, पाय खुर्चीवर. माझ्या जागी रितिका. पहिला क्वार्टर मुग्धा खेळली, दुसऱ्यापासून प्रीती. निवड समितीचे तिघे टेबलामागे बसले होते. मी नखं खात होते, आईने बघितलं असतं तर हातावर फटका मारला असता.

आधी मला रितिकाचा रागच आला. समोरची पोर तिच्यापुढे चेंडू आपटतेय, चेंडू हाताच्या अंतरावर, आणि ही बया गुडघे वाकवून नुसती सरकते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. हात घाल ना! मी दोनदा मोठ्याने ओरडले. ती पोर शेवटी कंटाळून चेंडू दुसरीला देऊन टाकायची. पुन्हा तेच.

मी प्रीतीच्या शिट्टीची वाट बघत होते. म्हणजे वाट नव्हे, धास्ती. प्रत्येक वेळी समोरच्या पोरी पुढे आल्या की माझे खांदे आकसायचे. शिट्टी वाजत नव्हती. मध्यंतर झालं, प्रीतीचा एकही फाऊल नाही. तिसरा क्वार्टर झाला, एक. मला वाटलं तिने माझं ऐकलं, आधी पाय हलवते आहे. तेवढ्यात एकदा रितिकाचा पाय घसरला आणि समोरची सुटली. फक्त एकदा. प्रीतीने आपली पोरगी सोडली, मध्ये आली, दोन्ही हात वर, आणि ओरडली, "मी आहो मांगं!" धडक झाली. शिट्टी पंचांनी तोंडाला लावली होती, वाजली नाही एवढंच.

ते मी याआधी कधी पाहिलंच नव्हतं. ऐकलं होतं फक्त, शिट्टीचा आवाज, पाठीमागून.

मग मी डोक्यात एकेक सामना मागे नेला. सरावाच्या सामन्यात हात बोटभर कमी पडला, मागे शिट्टी. पहिल्या सामन्यात चेंडू नखाला लागून गेला, मागे शिट्टी. उपउपांत्य सामन्यात पहिल्या चार मिनिटांत मी दोनदा झेपावले होते. दोनदा! काय बदललं यंदा ते पाह्य, बाबा म्हणाले होते. मी बदलले होते. रितिकाच्या जागी मी आले, एवढंच बदललं होतं.

आम्ही चौदा गुणांनी जिंकलो. सगळ्या नाचत होत्या. मी पाय खुर्चीवर ठेवून तशीच बसून होते. आणि मी तिला रागावर ताबा ठेवायला सांगितलं होतं. समोसा खाताना!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

अंतिम सामना हरलो. एका गुणाने.

घोट्याला पट्टी होती. रितिकाने सुरुवात केली, तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिच्या पोटरीत गोळा आला आणि सरांनी मला आत पाठवलं. मी ठरवूनच गेले होते. हात घालायचा नाही. रितिकासारखं सरकायचं. सोपं वाटतं ते मुळीच सोपं नाही, मांड्या पेटतात. माझ्या नावावर एकही चेंडू नाही. प्रीतीचे तीन फाऊल झाले, ते तिचे स्वतःचे, आणि ती शेवटपर्यंत मैदानावर राहिली.

शेवटची काही सेकंदं, आम्ही एका गुणाने पुढे. समोरची पोर माझ्यापुढून आडवी गेली आणि चेंडू तिच्या हातातून जरा सुटला. माझ्या पुढ्यात, उघडा. मागून आवाज आला, "मी आहो मांगं!" आणि मी हात पाठीमागे ओढला. तिने चेंडू सावरला, आत दिला, त्यांच्या उंच पोरीने मारला. प्रीतीचे हात वर होते, पण वरून गेला. संपलं.

कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या रडत होत्या. प्रीती नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तो चेंडू काहून सोडला वं? तो तुह्या होता."

मी म्हटलं, "तुला फाऊल लागला असता."

"माह्याजवळ दोन बाकी होते! दोन! मी ओरडली ना मांगून?"

मग मी रडले. म्हटलं, मला बुधवारी कळलं, सगळे फाऊल माझ्यामुळे झाले, तू मला आधी का नाही सांगितलंस? ती बाकावर बसली आणि बुटाच्या नाड्या सोडता सोडता बोलली.

"काय सांगू? तू सात चेंडू आणत होती. चार आणले आन् मले एक फाऊल लागला तर आपल्या टीमचा फायदाच हाय. मलेही हिशेब येते, वैदेही. तुह्यासारखा कागदावर नाही येत, पण येते."

"मग रागावलीस कशाला?"

"फाऊलचं नाही वं." तिने बूट काढून बाजूला ठेवला. "तू सरांकडं गेली. मले पहिल्या पाचातून काढा म्हणून. मले सरांनी सांगितलं, वैदेही म्हणत होती. मी मांगं उभी राहून तुले सांभाळून राहिली होती, आन् तू माह्या मांगून गेली."



१४ ऑक्टोबर, मंगळवार

विद्यापीठाच्या संघाची यादी लागली. बारा नावांत माझं आहे. प्रीती राखीव. कोणी आजारी पडलं, कोणी लंगडलं, तरच.

धावत सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, सर, हे चूक आहे, तिचे फाऊल माझे होते. सरांनी दार लोटून घेतलं. समितीपुढे काय ठेवलं होतं ते त्यांनी सांगितलं. सामन्यांचे अधिकृत कागद, आणि सोबत मी केलेला तो कागद. "नीट केलेला होता, म्हणून मीच दिला. तुझी निवड व्हावी म्हणून." त्याच्या दुसऱ्या बाजूला प्रीतीचा दर होता. माझ्या अक्षरात, लाल पेनाने अधोरेखित. तीन मिनिटांना एक.

"तुम्हाला दिसत नव्हतं का, सर? फाऊल कोणामुळे होऊन राहिलेत ते?"

सर खिडकीतून कोर्टाकडे बघत होते. "दिसत होतं," म्हणाले. "पण आपण जिंकत होतो. म्हटलं, तुम्ही दोघी आपसात निभावून न्याल. मी आता समितीला सांगून पाहिलं, वैदेही. ते म्हणतात कागदावर आहे ते आहे."

मला सरांचा एवढा राग कधी आला नव्हता. आणि राग धरायला तोंड तरी कुठे आहे मला? मी प्रीतीला फोन केला आणि सगळं सांगितलं, कागदासकट. मी म्हटलं, मी नाव मागे घेते. तेव्हा ती कडाडली, "खबरदार! तुह्या जागेवर ते तुह्यासारखी पुढं खेळणारी गार्ड घेतील, मले सेंटरले थोडी घेतील? येडी हाय का वं तू? जा आन् खेळ." आणि फोन ठेवला.

दिवाळीच्या फराळाचा वास येतोय स्वयंपाकघरातून. मला काही नको वाटतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

विद्यापीठाच्या शिबिराचा पहिला दिवस. बारा पोरी, मी तिघींनाच ओळखते. घोटा आता दुखत नाही.

सराव सामन्यात इथल्या सरांनी मला मागच्या बाजूला उभं केलं. पुढे भंडाऱ्याची एक पोर, प्रेमलता. हात काय आहेत तिचे! पहिल्याच मिनिटाला चेंडू उडवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. दुसऱ्यांदा तिचा हात बोटभर कमी पडला. समोरची बाजूने निसटली आणि माझ्या अंगावर आली. मला बाजूला होता आलं असतं. झाले असते दोन गुण, तर झाले असते. पण तोंडातून निघून गेलं, "मी आहो मांगं!" अगदी तसंच, आमच्या कोर्टावरच्यासारखं. मी मध्ये गेले. बरगडीत असा दणका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. शिट्टी. फाऊल माझा.

दहा मिनिटांत तीन झाले. सर ओरडले, "वैदेही, ताबा ठेवा स्वतःवर! तुमच्या कागदावर तर असं काही नव्हतं." बाकावर बसवलं मला. प्रेमलता तिकडे उड्या मारत होती, तिने एकदाही वळून पाहिलं नाही. तिचा दोष नाही. तिला पुढचं दिसतं फक्त.

संध्याकाळी प्रीतीला फोन केला. दिवाळीत दोनदा केला होता तेव्हा काकूंनी उचलला होता. आज तिने स्वतः उचलला.

मी म्हटलं, "आज मला तीन फाऊल लागले."

तिने विचारलं, "कोणासाठी वं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी तिला प्रेमलताचं सांगितलं, हातांचं, बरगडीचं. तिने विचारलं, डावी का उजवी? म्हटलं, डावी. ती म्हणाली, "उद्या उजवी दे, रोज एकीवरच बसला तर झोपता येत नाही." तिला माहीत असणारच. ती अजून रोज सकाळी पळते आहे, राखीव म्हणून बोलावलं तर तयार असावं म्हणून. तेही तिने सहज सांगितलं.

फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "त्या पोट्टीले सांगितलं का?"

"नाही. तूही मला नव्हतं सांगितलं."

"म्हणूनच म्हणून राहिली. सांग तिले. मी नाही सांगितलं, ते माह्यं चुकलं."

उद्या सरावाला जाताना प्रेमलताला गाठते. आधी तिच्या हातांचं कौतुक करीन, मग सांगीन.